एकाच पातेल्यातली आमटी

धाकटी तेव्हा पहिलीत होती. बाहेर पाऊस लागून राहिलेला, घरात ओल्या कपड्यांचा वास, आणि आम्ही सगळे जेवायला बसलेलो. आबांचं ताट नेहमीसारखं आधी वाढून झालं होतं. दुधीची पिवळी भाजी, बिनमिठाच्या दोन चपात्या, वाटीत पातळ वरण. बाकीच्यांच्या ताटात अख्ख्या मसुराची झणझणीत आमटी, भात, कैरीचं लोणचं, भाजलेला पापड. धाकटीनं एकदा आबांच्या ताटाकडं बघितलं, एकदा स्वतःच्या, आणि विचारलं, "आबांनी काय केलंय?"

"काय करतायत, जेवतायत की," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आबा सासरे. "तसं नव्हे," धाकटी म्हणाली, "त्यांना वेगळं का वाढलंय?" तिच्या वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला डबा खायला एकट्याला बसवायचे. तिनं तोच अर्थ लावला होता. आबा हसले. "लई दंगा केलाय बाई मी," म्हणाले, आणि आम्हीही हसलो. पण त्या रात्री आबांनी दुसरी चपाती तशीच ठेवली, ताक नको म्हणाले आणि हात धुऊन दारातल्या कट्ट्यावर पाऊस बघत बसले. भांडी आवरताना, ओटा पुसताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आबांना रक्तदाब निघाला त्याला तेव्हा काही महिने झाले होते. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, नाहीतर त्याच्याही पुढं सतत येत राहिला की उच्च रक्तदाब म्हणायचं, हे आता आमच्या घरात पोरांनाही पाठ आहे. आबांचे दोन्ही आकडे बरेच पुढं होते आणि त्यांना कसलाही त्रास नव्हता. ना डोकं दुखणं, ना चक्कर. "मला काय धाड भरलीय?" हा त्यांचा सवाल, आणि त्यांच्या बाजूनं तो खराच होता. हा आजार बहुतेकदा असाच गपचूप येऊन बसतो. त्यात आबा पडले तालमीतले. अजून त्यांचा उजवा कान मोडलेला आहे, आणि तो त्यांना मिरवायला आवडतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात आपणही लहान जोडीत लढलो होतो, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पुढं लग्न झालं, उद्यमनगरात लेथवर काम लागलं, तालीम सुटली. खुराक मात्र सुटला नाही. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, रविवारी मटण, जेवणात तूप, आणि घास उचलायला लोणचं नाहीतर खरडा. रोज पहाटे जोर-बैठका मारून घाम गाळणाऱ्या अंगाला जे लागत होतं तेच मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या अंगाला, आणि मग निवृत्तीनंतर खुर्चीत बसणाऱ्या अंगाला मिळत राहिलं. आमच्या शिवाजी पेठेत असे मोडक्या कानाचे कितीतरी आजोबा भेटतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 35 टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. म्हणजे गल्लीत उभं राहून घरं मोजली तर क्वचितच एखादं घर सुटेल.

आणि या घराघरांत काय होतं? जे आमच्याकडं झालं तेच. आजार ज्याला निघाला त्याचं पथ्य सुरू होतं. डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटवला जातो. एक छोटं पातेलं त्या माणसाच्या नावानं बाजूला निघतं. बाकीचं घर पहिल्यासारखंच जेवत राहतं. मी सकाळी दोन भाज्या करत होते, दोन कणका मळत होते, एक मिठाची, एक बिनमिठाची. पोरांचे डबे, नवऱ्याचा डबा, आबांचं वेगळं. हे सगळं प्रेमानंच चाललेलं असतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आठवा, तुमच्याही घरात कुणाचं तरी असं ताट असेल. त्या ताटाकडं घरातलं दुसरं कुणी हात करत नाही. "बघू बघू, कशी झालीय भाजी" म्हणून त्यातला घास कुणी मागत नाही.

तरीही आबांचा रक्तदाब हवा तसा उतरत नव्हता.

कारण पुढं माझ्या थोरल्या मुलाकडून कळलं. संध्याकाळी आबा कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर जायचे. तिथं त्यांचे जुने मित्र, आणि मधोमध भडंगाचा नाहीतर खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा. आत्या चिडल्या, नवरा चिडला. मला राग आला नाही. कट्ट्यावर पुडा सगळ्यांत मिळून एकच असायचा, एवढंच मला दिसत होतं. तिथं कुणी आबांना वेगळं काही देत नव्हतं.

मग मी एक हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्याहून थोडं कमीच, आणि त्यात सगळं आलं, भाजीतलं, चपातीतलं, लोणच्यातलं, बिस्किटातलंसुद्धा. लहान मुलांना त्याहून कमी. आम्ही घरात सहा माणसं. सगळ्यांना मोठं धरलं तरी दिवसाला 30 ग्रॅम, महिन्याला 900. एक किलोचा पुडा महिनाभर पुरून वर थोडं उरायला हवं. मी किराणा दुकानाच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. आमच्याकडं महिन्याला दोन पुडे लागत होते, लोणच्याच्या दिवसांत तीन. शिवाय पापड, फरसाण, पाव, भडंग हे सगळं बाहेरून खारट होऊन आलेलं, ते वेगळंच. त्यातलं काही मीठ पाण्याबरोबर वाहून जातं, काही सांडतं, हे धरूनही बाकी उरत होती ती आमच्या सहा जणांच्या पोटात. आपल्याकडं बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातं, आणि स्वयंपाक सगळ्यांचा एक असतो. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब येतो. हे आबांच्या शरीरात घडतं तसं माझ्याही शरीरात घडतं. माझा आकडा अजून 140 ला पोचलेला नाही, एवढाच काय तो फरक. ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसले होते. आबांचं ताट आमच्यासारखं करायचं नव्हतं. आमचं आबांसारखं करायचं होतं.

हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी हिशोब नीट ऐकून घेतला, दुकानाच्या चिठ्ठ्याही बघितल्या. मग सुरी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "म्हंजे चाळीस वर्सं मीच घातलं व्हय ह्यास्नी हे?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. आरोग्याच्या सवयी लावा, मीठ कमी करा, तेल कमी करा असं सांगणारे कागद भिंतीला लागतात, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला ते वाचताना काय वाटत असेल याचा विचार कुणी करत नाही. आत्यांच्या हाताला मोजमाप लागत नाही. सत्तर माणसांच्या पंगतीच्या आमटीत त्या मूठ उघडून मीठ टाकतात आणि ते बरोबर पडतं. साऱ्या भावकीत त्यांच्या हाताची चव नावाजलेली. नव्या सुनेला त्या पहिली गोष्ट शिकवतात ती कशात किती मीठ, ही. मलाही त्यांनीच शिकवलं, माझ्या हाताचा तळवा धरून, त्यात मीठ ठेवून, "एवढं. हे बघ, एवढं," असं. तो तळवाच चुकला असं मी त्यांना सांगत होते. त्या दिवशी त्या फारसं बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू कर सैपाक. मला आता मीठ टाकायला भ्या वाटतंय." मला त्यांच्या हातातून काही काढून घ्यायचं नव्हतं, आणि मी त्यांच्या हातातून सगळं काढून घेतल्यासारखं झालं होतं. तो आठवडा आमच्या घरात फार जड गेला.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं तेही आत्यांनीच. माझी आमटी फिकी व्हायची, पोरं तोंड वाकडं करायची, नवरा गुपचूप वरून मीठ भुरभुरायचा. चार दिवस हे बघून त्या उठल्या. "सरक," म्हणाल्या. कांदा-लसूण चटणी आमच्याकडं वर्षाची होते, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण, सगळं डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कांडून, आणि ती टिकावी म्हणून त्यात मीठ भरपूर. आत्यांनी सरळ ठरवलं की चटणी पडलेल्या आमटीत वरून मीठ घालायचंच नाही, चटणीतलंच पुरे. कालवणाला आमसूल वाढवलं. भाजीवर तीळ आणि कारळं भाजून कुटून घालायला लागल्या. चुलीवरच्या वांग्यासारखी वांगी गॅसवर काळी पडेपर्यंत भाजून त्यात लसूण आणि कोथिंबीर सढळ हातानं. चपातीच्या कणकेतलं मीठ बंद झालं, आणि त्या बंद झालेल्या मिठाची आठवण कुणालाही झाली नाही. ज्वारीच्या भाकरीत तर ते आधीही नव्हतं. आंबट, तिखट, भाजलेलं, कुटलेलं यांनी जीभ इतकी गुंतवून ठेवली की मिठाची चौकशी करायला तिला सवड मिळू नये. हे फक्त त्यांनाच जमणारं होतं. चव कुठून येते हे ज्याला कळतं त्यालाच ती एकीकडून काढून दुसरीकडून आणता येते. मी कितीही लेख वाचले असते तरी मला आमसुलाचा तो अंदाज आला नसता.

जीभही बदलते. कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. आम्ही एकदम तोडलं नाही, चमचा हळूहळू लहान करत गेलो. पुढं एकदा हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला थांबलो तर थोरला पहिल्या घासालाच म्हणाला, "आई, हे खारट आहे." आधी तो तीच भाजी बोटं चाटून खायचा. शेजारच्या काकूंनी मधे सैंधव आणून दिलं, त्यात सोडियम नसतं म्हणाल्या. तसं नाही. सैंधव असो की काळं मीठ, त्यात मुख्यतः तोच सोडियम क्लोराईड असतो, आणि आयोडीन बहुधा नसतं. बाजारात पोटॅशियमवालं मीठही मिळतं, पण ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांना ते घातक ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि गोळी. आकडा खाली आला की आबांना वाटायचं, आता गोळी कशाला? आकडा गोळीमुळंच खाली आलेला असतो. ती ठेवायची जबाबदारी धाकटीनं घेतली आहे. सकाळी आबांच्या तळहातावर गोळी ठेवल्याशिवाय ती शाळेची बॅग उचलत नाही.

चालण्याचं मात्र असं सहज जुळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास चाला. आबा रंकाळ्यावर जायचे, शालिनी पॅलेसच्या बाजूनं थोडं चालायचे आणि बाकावर बसायचे. पोरांना तर "चला फिरायला" म्हटलं की त्यांचे पाय दुखायला लागायचे. मला माझं लहानपण आठवायचं. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, जोतिबाच्या वाटेवरचं. माघातल्या रविवारी खेटे घालायला, म्हणजे जोतिबाला पायी जायला, कोल्हापुरातून पंचगंगेवरून निघालेली माणसं वडणगे, निगवे, कुशिरे करत आमच्या दारावरून डोंगराकडं जायची. पहाटेचा अंधार, थंडी, अनवाणी पाय आणि "चांगभलं"चा गजर. आमची आजीही आम्हाला घेऊन निघायची. फडक्यात भाकरी, झुणका, कांदा. मी पाच-सहा वर्षांची असेन, डोंगराची चढण लागली की आजीचं बोट धरायचे, तिचं बोट खरखरीत आणि गरम असायचं. पाय दुखतात असं म्हटल्याचं मला आठवत नाही, कारण वर देव होता, गुलाल होता, खोबऱ्याचा प्रसाद होता. आजीनं आयुष्यात व्यायाम म्हणून काही केलं नाही. ती पाण्याला चालली, शेताला चालली, बाजाराला चालली, देवाला चालली. आम्ही पोरांना नुसतं गोल गोल फिरायला सांगत होतो, आणि तेही ज्याचं चालणं गेलं त्या आजोबांसाठी. त्यांना कुठं पोचायचंच नव्हतं.

म्हणून आम्ही पोचायच्या जागा ठरवल्या. कपिलतीर्थ मंडईची भाजी गाडीवरून आणायची नाही, पिशवी घेऊन आबा आणि नातवंडं चालत जाणार. भाजी निवडायचं काम धाकटीचं, पैसे मोजायचं थोरल्याचं, घासाघीस आबांची. शनिवारी संध्याकाळी पंचगंगा घाट. आणि माघात एक खेटा, सगळ्यांनी मिळून. आबा पहिल्या वर्षी कुशिऱ्यापर्यंतच आले, तिथून वर रिक्षानं. त्यांचं तोंड उतरलं होतं. पैलवान माणूस, नातवाच्या देखत रिक्षात बसला. थोरला त्यांच्याबरोबर रिक्षात जाऊन बसला, मी काही सांगितलं नव्हतं. मुलांना रोज तासभर तरी अंगाची हालचाल हवी असं सांगतात. मंडईची फेरी आणि गल्लीतला लपंडाव मिळून ते आता सहज होतं, मी घड्याळ बघत नाही.

सगळंच जमलं असं नाही. कुटुंबानं एकत्र जेवावं, लवकर जेवावं हे खरं, पण माझा नवरा शिरोली एमआयडीसीत पाळीनं कामाला. दुसरी पाळी असली की तो मध्यरात्री घरी येतो, आणि तेव्हा त्याला गरम चपाती लागते. ज्या घरांत पाळ्या आहेत, दुकानं आहेत, रात्रीची कामं आहेत, त्यांना "सात वाजता सगळे मिळून जेवा" हा सल्ला देऊन उपयोग नाही. आम्ही सकाळची न्याहारी धरली. भाकरी, भाजी, दही, कधी नाचणीची आंबील. त्या वेळी सगळे घरात असतात, अगदी डोळे चोळत का होईना. चहातली साखर अजून माझ्याच्यानं पुरती सुटलेली नाही, आणि नवऱ्याच्या डब्यात शेव असते. असू दे. आबांचा कट्टाही आम्ही बंद केला नाही. आत्या आता कधीमधी घरचं भडंग करून डब्यात देतात, चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट आणि नावापुरतं मीठ. कट्ट्यावरचे म्हातारे डबा रिकामा करूनच परत पाठवतात. त्यातल्या दोघांच्या सुना रेसिपी विचारायला आमच्याकडं येऊन गेल्या, आणि आत्यांनी त्यांचे तळवे धरून मीठ किती ते दाखवलं. नवं माप.

आषाढात टेंबलाबाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी वाहायला आमची गल्ली जाते, पी ढबाक वाद्यं वाजत, लहानथोर सगळे चालत. नंतर गल्लीत मटणाचं जेवण, तांबडा-पांढरा रस्सा. त्या दिवशी आबांनी काय करायचं यावर घरात वाद झाला होता. माझं मत स्पष्ट होतं: त्यांनी पंगतीत बसून सगळ्यांबरोबर जेवायचं. वर्षातल्या एका पंगतीनं माणूस आजारी पडत नाही, रोजच्या पातेल्यानं पडतो. ते जेवले, तांबडा एकदाच घेतला, पांढरा मात्र दोनदा. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा आमसुलाचं सार आणि भात, सगळ्यांनाच.

या उन्हाळ्यात मिरच्या घ्यायची वेळ आली तेव्हा आत्यांनी माझ्या आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. चटणी टिकण्यासाठी मीठ लागतं, आणि ती वर्षभर टिकवायची म्हणून ते जास्त लागतं. मग वर्षाची करायचीच कशाला? निम्म्या मिरच्या आता कांडायच्या, मीठ कमी घालून, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची, आणि उरलेल्या दिवाळीनंतर. डंकावाल्या बाईला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दोनदा कांडायचं म्हणजे दोनदा पैसे पडतील. "पडू देत," आत्या म्हणाल्या आणि मला मिरच्यांचं दुसरं पोतं माळ्यावर नीट झाकून ठेवायला सांगितलं, खाली कडुलिंबाचा पाला घालून.